साखर कारखान्यातल्या फायबरच्या नोंदी: एसटी काढून एलसी लावताना

११ एप्रिल २०२५

गाळप यंदा लवकर आटोपलं. ऊसच कमी होता, मार्चमध्येच गव्हाण थांबली. ओव्हरहॉलिंगच्या यादीत मिल, बॉयलर, टर्बाइन यांच्या खाली शेवटून दुसरी ओळ आमच्या इन्स्ट्रुमेंट विभागाची आहे: "फायबरचे जुने कनेक्टर बदलणे." फायबर म्हणजे उजेडावर डेटा नेणारी काचेची केबल, आणि कनेक्टर म्हणजे तिच्या टोकाची जोडणी. लिहिणाऱ्याला हे काम बल्ब बदलण्याइतकं वाटलं असावं.

गरज खरी आहे. नव्या डीसीएसचे (कारखान्याच्या संगणकी नियंत्रण यंत्रणेचे) स्विच आणि वजनकाट्यावरच्या कॅमेऱ्यांचा स्विच दोन्ही एसएफपीवाले (एसएफपी म्हणजे स्विचमध्ये खुपसायचं फायबरचं छोटं मॉड्यूल) आहेत, आणि एसएफपीला एलसी जातीचा कनेक्टरच बसतो. आमच्याकडे मात्र जिथं एलआययू (केबलची टोकं येतात तो पत्र्याचा डबा) उघडावा तिथं एसटी जातीचा: गोल, धातूचा, ढकलून पाव फेरा फिरवला की अडकणारा. हा कनेक्टर एटी अँड टीनं १९८०च्या दशकात काढला. एलसी आला १९९०च्या दशकात, ल्युसेंटकडून, आणि ल्युसेंट म्हणजे १९९६ साली एटी अँड टीतूनच वेगळी झालेली कंपनी. म्हणजे घराणं एकच. फरक मुख्यतः फेरूलचा, म्हणजे टोकाला काच धरून ठेवणाऱ्या नळीचा. एसटीचा फेरूल २.५ मिलिमीटर, एलसीचा बरोबर निम्मा, १.२५.

आज फिरून काय काय आहे ते लिहून काढलं. सर्व्हर रूम ते बॉयलर कंट्रोल रूम, तिथून मिल हाऊस, सर्व्हर रूम ते वजनकाटा, को-जन (वीजनिर्मिती) कंट्रोल रूम ते स्विचयार्ड: हे सगळं मल्टिमोड (जाड गाभ्याची काच, कमी अंतरासाठी), सहा कोअरचं (आत काचेचे सहा तंतू), आर्मर्ड, एसटी. डिस्टिलरीची लाईन नंतर टाकलेली, ती सिंगलमोड (बारीक गाभ्याची, लांब अंतरासाठी) आणि एससी, म्हणजे चौकोनी कनेक्टरची. आतापर्यंत सगळीकडे १०० एमबीपीएसचे मीडिया कन्व्हर्टर चालत होते, आणि बिनतक्रार चालत होते हे नोंदवून ठेवतो.

जुन्या एलआययूची पत्र्याची पट्टी काढून पाहिली. एसटीचा कपलर (दोन कनेक्टर समोरासमोर धरणारा तुकडा) गोल भोकात नटानं आवळलेला असतो. त्या भोकात एलसीचा कपलर बसणार नाही, पट्ट्या नव्या घ्याव्या लागतील. डिस्टिलरीच्या बाजूला तेवढी अडचण नाही, कारण एलसीचा जोडकपलर एससीच्या एकेरी खाचेत नीट बसतो.

१६ एप्रिल

कनेक्टरला हात लावण्याआधी केबल कोणती ते ठरवायला हवं. मामा, म्हणजे आमचे जुने वायरमन, म्हणाले, "साहेब, नारंगी हाय की. मल्टिमोड." पण नारंगी पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी वायर) ६२.५ मायक्रॉनच्या कोअरचीही (इथं कोअर म्हणजे तंतूचा उजेड वाहणारा गाभा) असते आणि ५० मायक्रॉनच्या जुन्या जातीचीही. रंगावरून काहीच कळत नाही. बाहेरची केबल तर काळी. अंगावरची छपाईच वाचायची.

बॉयलर कंट्रोल रूमच्या खालच्या ट्रेमध्ये बॅटरी घेऊन आडवा झालो. बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) थर ओल्या कापडानं पुसल्यावर अक्षरं दिसली: ६२.५/१२५. पुढं मीटरचा आकडा ०६५८. सर्व्हर रूमच्या टोकाला तोच आकडा ०४१२. म्हणजे केबल २४६ मीटर. टेप घेऊन कारखाना मोजायची गरज नाही, केबल स्वतःच सांगते. फाइलमध्ये डेटाशीटही सापडली, बँडविड्थ ८५० नॅनोमीटरला २०० मेगाहर्ट्झ-किलोमीटर. म्हणजे आजच्या भाषेत मल्टिमोडची ओएम१ ही प्रत.

आता हिशेब. गिगाबिटचा एसएक्स प्रकारचा एसएफपी या काचेवर २७५ मीटरपर्यंत चालतो. २४६ त्यात बसतात, पण काठावर. वजनकाट्याची केबल याच पद्धतीनं ३१८ मीटर निघाली. ती बसत नाही. तिथं सोन्याचे कनेक्टर लावले तरी एसएक्स चालणार नाही.

दहा गिगाबिटबद्दल साहेबांनी विचारलंच. ओएम१वर दहा गिगचा एसआर प्रकार फक्त ३३ मीटर जातो. ओएम३ या नव्या मल्टिमोडवर ३०० मीटर, ओएम४वर ४००. सिंगलमोडवर एलआर प्रकार दहा किलोमीटर. "म्हणजे कनेक्टर बदलून स्पीड वाढत नाही?" नाही वाढत. कनेक्टर बदलल्यानं फक्त नव्या स्विचमध्ये वायर खुपसता येते. वेग ठरतो तो काचेवर.

२३ एप्रिल

जुनी अवस्था मोजली, म्हणजे वाटेत किती उजेड गळतो ते, डीबीत. पॉवर मीटर आणि एलईडीचा सोर्स, ८५० आणि १३०० दोन्ही. रेफरन्स एका कॉर्डवर घेतला: सोर्सला लाँच कॉर्ड (मोजणीची पॅच कॉर्ड), तिचं दुसरं टोक सरळ मीटरला, तिथं शून्य. त्यानंतर सोर्सच्या बाजूचं टोक हलवायचं नाही, हलवलं की रेफरन्स पुन्हा. लाँच कॉर्डला १७ मिलिमीटरच्या गोल दांड्यावर पाच वेढे दिले. त्यानं कोअरच्या कडेनं धावणारा उजेड गळून जातो, नाहीतर एलईडी कोअर काठोकाठ भरते आणि आकडे उगीच वाईट येतात.

बॉयलर लाईनचे सहा कोअर, ८५० नॅनोमीटरला: निळा २.१, नारंगी १.९, हिरवा ६.८, तपकिरी ४.३, राखाडी मेलेला, पांढरा २.७ डीबी.

हिरवा आणि तपकिरी चालू कोअर होते! याच जोडीवर हंगामभर बॉयलरचा डेटा गेला. मग तक्रार का आली नाही? कारण १०० एमबीपीएसच्या एफएक्सला (जुन्या कन्व्हर्टरांच्या प्रकाराला) ११ डीबी गमवायची मुभा होती. ६.८ गेले तरी त्याला पत्ता नाही. गिगाबिटच्या एसएक्सला याच काचेवर फक्त २.६ डीबी मिळतात. कामाची खरी मेख ही आहे. जुन्या यंत्रणेनं वीस वर्षं जी घाण पोटात घातली ती नवी यंत्रणा पहिल्याच दिवशी तोंडावर फेकणार, आणि नाव नव्या स्विचचं खराब होणार.

आणखी एक आकडा मांडून ठेवतो, कारण कंत्राटदार रिपोर्ट देताना यावरच बोट ठेवेल. टीआयए-५६८ या केबलिंगच्या मानकाप्रमाणे कनेक्टरच्या प्रत्येक जोडीला ०.७५, प्रत्येक स्प्लाइसला (काचेला काच जोडलेल्या सांध्याला) ०.३, आणि केबलला किलोमीटरमागे ३.५ डीबी चालतात. २४६ मीटरला ०.८६, दोन टोकांच्या दोन जोड्यांचे १.५, दोन स्प्लाइसचे ०.६. बेरीज २.९६. म्हणजे केबलिंगच्या मानकात "पास" झालेली लाईनसुद्धा एसएक्सच्या २.६मध्ये नापास होऊ शकते. म्हणून "पास" हा शब्द घेणार नाही. प्रत्येक कोअरचा आकडा घेणार, आणि तो १.८च्या आत हवा.

मग मायक्रोस्कोप लावला. चारशे पट मोठं करून दाखवणारा, पडद्यावर चित्र येणारा. हिरव्या कोअरचं टोक पाहून मामासुद्धा गप्प झाले. मधोमध कोअरवर बगॅसचा एक तंतू आडवा, आणि भोवती तेलाचे गोल गोल थेंब. बगॅस इथं हवेतच असतो. तेल कुठलं? चौकशी केली तर ऑपरेटर कनेक्टर काढून कॉम्प्रेसरची हवा मारतात आणि परत लावतात. प्लँटच्या हवेत कॉम्प्रेसरचं तेल येतंच. भावना चांगली, पण त्या फवाऱ्यानं धूळ चिकटून बसली.

२.५ मिलिमीटरचा पेनसारखा क्लीनर टक् करून दाबला, पुन्हा पाहिलं, पुन्हा दाबला. हिरवा ६.८वरून २.४वर. तपकिरी ४.३वरून २.२वर. एकही कनेक्टर न बदलता.

राखाडी कोअरला लाल लेसर टॉर्च लावली. एलआययूच्या आतच, एसटीच्या बुटाशी, लाल उजेड फुटून बाहेर आला. तिथं काच तुटलीय. म्हणजे केबल ठीक आहे, टोक गेलंय.

३० एप्रिल

अवजारं. स्टोअरमधून जुनी पेटी काढली. वीस वर्षांपूर्वी हे एसटी ज्यानं बसवले त्याची सगळी पूजा त्यात आहे: एपॉक्सीच्या सुकलेल्या पुड्या, सुया, कनेक्टर भाजायची छोटी भट्टी, पॉलिशची जाळीदार चकती, बारीक होत जाणारे पॉलिश पेपर, आणि इंग्रजी आठच्या आकड्यात घासण्यासाठी रबराची गादी. त्या माणसाचं हाताचं काम उत्तम होतं. निळा आणि नारंगी कोअर अजून दोनच्या आसपास आहेत, ते त्याच्या घासण्यामुळे. पण ती चकती २.५च्या फेरूलची आहे, एलसीला चालत नाही, आणि साइटवर बसून पॉलिश करण्याचे दिवस आता राहिलेही नाहीत. पेटीतली केवलारची कात्री आणि तीन भोकांचा स्ट्रिपर तेवढा बाहेर काढला. कात्री अजून धारदार आहे. केवलार साध्या कात्रीनं कापायला गेलं की तंतू पात्यात अडकतात आणि कापत नाहीत.

जुन्या केबलच्या टोकाला एलसी आणायचे मार्ग चार. त्यातला कुठला कुठं, हेच ठरवायचंय.

पहिला: काहीच कापायचं नाही. एका टोकाला एसटी, दुसऱ्याला एलसी अशी मिश्र पॅच कॉर्ड घ्यायची. स्वस्त, बिनधोक. अट इतकीच की कॉर्डसुद्धा ६२.५चीच हवी. बाजारात हात घालाल तिथं आज ओएम३ मिळते, ओएम१ सांगून मागवावी लागते.

दुसरा: जुनं टोक कापून कारखान्यात पॉलिश झालेलं एलसी पिगटेल (एकाच टोकाला कनेक्टर असलेली शेपटी) फ्यूजन स्प्लाइसनं, म्हणजे काच वितळवून, जोडायचं. मशीन भाड्यानं मिळतं, पण ट्रे आणि जागा लागते.

तिसरा: मेकॅनिकल कनेक्टर. आत आधीच पॉलिश केलेला काचेचा तुकडा असतो, आपली फायबर कापून त्याला टेकवायची, मध्ये जेल. मशीन लागत नाही, पण क्लीव्हर (काच सरळ कापायचं अवजार) मात्र चांगलाच हवा आणि एकेक कनेक्टर पिगटेलच्या कैकपट महाग.

चौथा: स्प्लाइस-ऑन कनेक्टर, ज्यात जोड कनेक्टरच्या बुटातच लपतो आणि ट्रे लागत नाही. छोट्या डब्यांना हे उत्तम. पण मशीनला त्याचा वेगळा होल्डर लागतो, आणि आमच्या कंत्राटदाराकडे तो नाही. विषय संपला.

खरेदीच्या यादीत सगळ्यात वर मायक्रोस्कोपची १.२५ची टोपी, १.२५ आणि २.५ दोन्ही मापांचे क्लीनर पेन, ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारे पेपर, आणि मीटरसाठी एलसीचं तोंड. मीटरचं तोंड बदलता आलं नाही तर एका कॉर्डचा रेफरन्स एसटीवर घेऊन एलसीची लाईन मोजता येत नाही. मग लोक मध्ये एक जास्तीचा कपलर घालतात आणि आकड्यांचा खेळ सुरू होतो. स्टोअरच्या अण्णांनी यादी बघून विचारलं, "कनेक्टर बदलायचंय का साफसफाई काढलीय?" दोन्ही.

८ मे

उरलेल्या केबलच्या तुकड्यावर प्रयोग. एका टोकाला फ्यूजन पिगटेल, दुसऱ्याला मेकॅनिकल एलसी.

मेकॅनिकलचा निकाल वाईट नाही. काही ०.३ला बसले, एक ०.६ला, तो काढून पुन्हा क्लीव्ह करून बसवल्यावर ०.४. फ्यूजनवाले सगळे ०.२च्या आसपास किंवा खाली, पिगटेलचा कनेक्टर धरून. फरक फार वाटत नाही, पण एका लाईनला दोन टोकं, आणि हातात फक्त २.६ डीबी.

दुसरी गोष्ट उष्णतेची. बॉयलर कंट्रोल रूमच्या बाहेरचं पॅनल हंगामात हात लावू देत नाही. तिथं जेलवर विसंबलेला जोड वर्षानुवर्षं ठेवायला माझं मन घेत नाही. कार्यालयाच्या एसीत बसवायचा असता तर हरकत नव्हती. ठरलं: बॉयलर आणि मिल हाऊसला फ्यूजन. मेकॅनिकलचे काही नग हंगामातल्या अडीअडचणीला, मशीन येईपर्यंतची सोय म्हणून, पेटीत.

कंत्राटदाराच्या पोराकडे हिरवे फास्ट कनेक्टर होते, घराघरांत इंटरनेट जोडताना वापरतात ते. "साहेब, दोन मिनटात लावतो." ते एससी, एपीसी (तिरक्या टोकाचे) आणि सिंगलमोडचे. तिन्ही बाबतीत चुकीचे. परत खिशात ठेवायला सांगितले.

१५ मे

पिगटेलचं पार्सल आलं. उघडलं तर आकाशी-हिरवट रंग. ओएम३. बिलावर मात्र "मल्टिमोड एलसी पिगटेल", म्हणजे तसं पाहिलं तर बरोबरच. पुरवठादाराचं म्हणणं: "सर, ओएम३ ओएम१पेक्षा भारी असतंय. वरचंच दिलंय तुम्हाला."

भारी आहे, पण ५० मायक्रॉनचं. आमची केबल ६२.५ची. बाहेरचा व्यास दोन्हीचा १२५ असल्यामुळे मशीन दोघांना आनंदानं जोडतं आणि पडद्यावर नुकसान ०.०२ दाखवतं. उजेड ५०कडून ६२.५कडे जाताना काही बिघडत नाही, छोट्यातून मोठ्यात जातोय. उलट दिशेला मोठ्या कोअरचा कडेचा उजेड छोट्यात मावत नाही. कोअरच्या व्यासाचे १.९ डीबी, आणि न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर (उजेड आत घेण्याचा कोन) ०.२७५वरून ०.२०वर येतो त्याचे २.८. कोअर पूर्ण भरलेला असेल तर ४.७ डीबी गेले. लेसरनं कोअर पूर्ण भरत नाही म्हणून प्रत्यक्षात कमी जातील, पण आपल्याकडे मुळात आहेत किती?

हे पुरवठादाराला फोनवर पटेना. म्हणून पोराला समोर बसवून तुकड्यावर एक जोड करून दाखवला आणि दोन्ही दिशांनी मोजला. एका बाजूनं ०.३, दुसऱ्या बाजूनं तीनच्या वर. पोरगं दोनदा केबल उलटसुलट करून बघत होतं. "लाल लाईट तर दोन्हीकडनं सारखीच येतीय की!" येणारच. लाल टॉर्च एवढंच सांगते की काच तुटलेली नाही.

पार्सल परत. ६२.५/१२५ असं ठळक लिहून नवी ऑर्डर दिली.

२२ मे

बरोबर पिगटेल आली आणि त्याच्याबरोबर पाऊसही. मे महिना, आणि बाहेर जूनसारखं कोसळतंय. दमट हवेत मशीनचा आर्क (काच वितळवणारी ठिणगी) बदलतो, म्हणून सुरुवातीलाच आर्क कॅलिब्रेशन करून घेतलं आणि फायबरचा प्रकार मल्टिमोडवर टाकला.

बॉयलर कंट्रोल रूमचा एलआययू आज झाला. टेबलावर काळा रबरी कागद पसरला, त्यावर काचेचा तुकडा दिसतो. तुकड्यांसाठी झाकणाची बाटली. टेबलावर चहा बंद. मामा जरा नाराज झाले, पण काचेचा १२५ मायक्रॉनचा काटा बोटात गेला तर दिसतही नाही आणि निघतही नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

क्रम असा. आधी स्लीव्ह (जोडावरची संरक्षक नळी) पिगटेलवर ओवायची, कारण जोड झाल्यावर ती कुठूनच घालता येत नाही. मग केबलच्या नळीतली जेली पुसायची. या जुन्या जेलीला वेळ लागतो, ती मेणासारखी घट्ट झालीय. रंगीत २५० मायक्रॉनचा थर स्ट्रिपरच्या सगळ्यात लहान भोकातून एका दमात ओढायचा, थांबत थांबत नाही. अल्कोहोल लावलेल्या पेपरात नुसती काच धरून ओढली की, ती स्वच्छ असेल तर, बारीक चुईक असा आवाज येतो. तो आला की क्लीव्हरवर. क्लीव्ह झाल्यावर त्या टोकाला कशाचाही स्पर्श नाही, पेपरचासुद्धा नाही. पोराची सवय क्लीव्हनंतर पुन्हा एकदा पुसायची होती, ती मोडायला दुपार गेली.

मशीन कोन दाखवतं. एक अंशाच्या वर असेल तर मी परत कापायला लावतो, मग मशीन जोडायला तयार असलं तरी. आर्क, अंदाजे नुकसान ०.०१ ते ०.०३, ओढून बघण्याची चाचणी, मग स्लीव्ह भट्टीत. हा ०.०१ नोंदवहीत लिहायचा नाही. तो मशीननं चित्रावरून बांधलेला अंदाज आहे. लिहायचा तो मीटरचा.

ट्रेमध्ये गुंडाळताना तीन सेंटिमीटरच्या त्रिज्येपेक्षा लहान वळण नको. जुन्या एलआययूत जागा पुरत होती. राखाडी कोअरचं तुटकं टोक कापलं गेल्यानं तोही जिवंत झाला.

२४ मे

दुसरं टोक, सर्व्हर रूम, झालं. सहाही कोअर मोजले, दोन्ही दिशांनी. निळा १.१, नारंगी १.२, हिरवा १.२, तपकिरी १.३, राखाडी १.२, पांढरा १.४. पांढऱ्याचा एक कपलर बदलल्यावर १.२. २.६च्या पुढं हे आकडे ठेवले की झोप येते.

मिल हाऊसची लाईन लहान, काही खास नाही. तीही झाली.

२९ मे

वजनकाटा. ठरलं होतं नवी सिंगलमोड केबल, जी.६५२डी, एचडीपीई पाइपातून. केबल ऊसयार्डाच्या मधल्या चेंबरपर्यंत ओढली आणि चेंबर पाण्यानं भरलं. पंप लावला तर रात्रीतून परत भरलं. काळ्या मातीत मेमध्ये असा पाऊस म्हणजे यार्डात ट्रॅक्टरसुद्धा रुततोय. पुढचं ओढकाम उघडीप मिळेपर्यंत बंद.

कॅमेरे मात्र लावून झालेत आणि शेतकी विभागाला ते हवेत. काट्यावर कोणाची गाडी किती वेळ थांबली यावरून दर हंगामात वाद होतात.

मग मधला मार्ग. एलएक्स प्रकारचा एसएफपी १३१० नॅनोमीटरचा, तो ६२.५च्या काचेवर ५५० मीटर जातो, पण मोड कंडिशनिंग कॉर्ड लावली तरच. लेसर सरळ कोअरच्या मध्यावर मारला तर जुन्या फायबरच्या बरोबर मध्यावर काचेत जो बनावटीचा खड्डा असतो तिथं उजेडाचे भाग पुढंमागं होतात आणि स्पंद फाटतो. या कॉर्डच्या आत सिंगलमोडचा तुकडा मल्टिमोडला मुद्दाम मध्य सोडून, १७ ते २३ मायक्रॉन बाजूला, जोडलेला असतो. इतके दिवस सगळा खटाटोप कोअर कोअरच्या समोर आणण्याचा, आणि इथं पैसे देऊन वाकडा जोड विकत घ्यायचा! पिवळी शेपटी एसएफपीच्या टीएक्सला (उजेड सोडणाऱ्या तोंडाला), दोन्ही टोकांना अशी एकेक. आणि ही कॉर्ड एका टोकाला एलसी, दुसऱ्याला एसटी अशीही मिळते, त्यामुळे काट्याकडे एकही एसटी कापावा लागला नाही. साफ केले, पाहिले, लावले. लिंक आली, रात्रभर पिंग ठेवला, एकही पॅकेट गेलं नाही.

सिंगलमोड झाली की ही कॉर्ड काढायची. तिला सिंगलमोडवर लावू नये म्हणून तिच्यावर लाल टेप मारला.

१२ जून

स्विचयार्ड. इथं काहीच कापायचं नाही. प्रोटेक्शन रिलेंना एसटीच आहेत आणि रिले बदलायचे नाहीत. हिशेबातही बदलण्यासारखं काही नाही: वेग १०० एमबीपीएस, मुभा ११ डीबी. नव्या स्विचच्या बाजूला मिश्र कॉर्ड, तिथं १०० एमबीपीएसचाच एसएफपी. यादीत "सर्व एसटी बदलणे" असं आहे म्हणून इथले बदलावेत असा आग्रह झाला. नकार लेखी दिला.

एक पाहण्यासारखं: एका रिलेचा एसटी अडकलेला दिसत होता, पण खाचेत पूर्ण गेलेला नव्हता. फिरतो, थांबतो, आणि फेरूल मागेच राहतो. काढून, खाच बघून, दाबून फिरवला. एलसीमध्ये निदान टिक् असा आवाज येतो.

२६ जून

डिस्टिलरी. एससी ते एलसी सिंगलमोड कॉर्ड, निळ्या ते निळ्या. कोणीतरी मधल्या काळात एका कोअरला हिरवी कॉर्ड लावून ठेवली होती. हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं पॉलिश केलेलं, निळ्याचं सरळ. कपलरमध्ये दोन्ही बसतात, पण टोकं टेकत नाहीत, मध्ये हवेची फट राहते. तरीही लिंक चालू होती, म्हणून कोणी बघितलं नव्हतं. बदलली, नुकसान चार डीबीनं उतरलं. फार वेळ गेला नाही.

४ जुलै

डीसीएसवाले येऊन गेले, बॉयलर लाईन गिगाबिटवर आली. एका जोडीचा टीएक्स-आरएक्स (उजेड सोडणारं आणि घेणारं तोंड) उलटा होता. एलसीची जोडक्लिप उघडून दोन कनेक्टरांची अदलाबदल केली, झालं.

स्विचमधून प्रत्येक एसएफपीची मिळणारी पॉवर लिहून घेतली. बॉयलर −६.४ डीबीएम, मिल हाऊस −५.९, उलट दिशेला −६.७ आणि −६.१. हे आकडे तीन डीबीपर्यंत इकडंतिकडं असू शकतात, म्हणून नुकसान मोजायला वापरायचे नाहीत. पण तोच एसएफपी आज −६.४ आणि जानेवारीत −९ दाखवत असेल तर मध्ये काहीतरी आलंय हे नक्की, आणि आमच्याकडे ते बहुधा बगॅसच असणार. एलआययूच्या दाराच्या आत तक्ता चिकटवलाय: कोअरचा रंग, कुठून कुठं, मीटरचा आकडा, तारीख. खाली मामांच्या अक्षरात, "हवा मारू नये."

राहिलेलं: काट्याची सिंगलमोड, पाऊस थांबल्यावर. मिल हाऊसच्या एलआययूच्या दाराला रबरी पट्टी, धूळ आत येते. वापरात नसलेल्या कोअरना टोप्या. दसऱ्याला बॉयलर अग्निप्रदीपनाआधी सगळे आरएक्सचे आकडे पुन्हा लिहायचे, आणि गाळप सुरू झाल्यावर दर पंधरवड्याला.

स्टोअरला मागणी: क्लीनर पेन १.२५चे सहा, २.५चे चार. काढलेले एसटी कपलर भंगारात देऊ नयेत, स्विचयार्डला लागतील.